साहेबांचा लाडका एन्कोडर

कारखान्यांत नुकते कॉम्प्युटर येऊ लागले होते, त्या काळची गोष्ट. लोखंड कापणाऱ्या, त्याला भोकं पाडणाऱ्या एका म्हाताऱ्या मिलिंग मशीनला नवी मोटर आणि तिला हुकूम देणारा ड्राइव्ह बसवला. पहिलंच काम बिघडलं, तर मशीन भंगारात जाणार होतं.

मोटर एक लांब स्क्रू फिरवायची आणि त्यानं लोखंड ठेवलेलं टेबल सरकायचं. मोटरच्या पाठीवर बसलेला एन्कोडर तिचे फेरे मोजायचा. तो म्हणाला, “साहेब, मोटर बरोबर फिरली. टेबल पोचलंच समजा.”

टेबलावरची मोजपट्टी म्हणाली, “स्क्रू झिजलाय. टेबल केसभर मागे राहिलंय.”

“आली मोठी शहाणी,” ड्राइव्ह म्हणाला आणि एन्कोडरचंच ऐकत राहिला. सगळी भोकं चुकीच्या जागी पडली.

मशीन घेऊन भंगाराचा टेम्पो निघाला, तेव्हा ड्राइव्हनं विचारलं, “कुठे चाललोय रे आपण?”

“कुठेच नाही, साहेब. मोटर जराही फिरलेली नाही.”

ड्राइव्ह निश्चिंत झाला.