फाटकाला लावलेला दगड

सागाच्या एका जंगलात, ओढ्यापासून बरेच लांब, एक पाणमांजर राहत असे. पिल्लांसाठी त्याने बिळासमोरच एक खोल तळे खणले होते आणि ओढ्यातले मासे आणून ते त्यात सोडी. जंगलाचा नियम असा, की ज्याच्या दारात पाणी, त्याने भोवती काटेरी कुंपण घालावे आणि आपोआप मिटणारे फाटक बसवावे. कुंपणे तपासण्याचे काम एका म्हाताऱ्या साळिंदराकडे होते.

एका सकाळी तो पाहायला आला. कुंपण चांगले उंच होते. पण फाटक मिटू नये म्हणून त्याला एक दगड लावून ठेवला होता.

"हा दगड कशाला रे?"

"आजोबा, तोंडात मासा धरून फाटक कसे उघडू? दिवसाला वीस खेपा होतात. आणि माझी पिल्ले तुमच्यापेक्षा बरी पोहतात!"

"तुझी पोहतात. शेजारच्या सशिणीचे पिल्लू?"

"ती आहे की त्याच्यावर नजर ठेवायला. तुमचे तर पान हलले तरी काटे उभे राहतात!"

पिल्ले खदखदून हसली. साळिंदर ओशाळला. परवाच त्याने वाळक्या फांदीला साप समजून सारे जंगल पळवले होते. आपण आजही उगाचच तर घाबरत नाही ना? तो मुकाट्याने निघाला. पण तो दगड काही त्याच्या मनातून जाईना. दुपारी तो परत आला.

तळ्यावर सारे शांत होते. पाणमांजर दहा पावलांवर उन्हात झोपले होते. पाण्यावर दोन लांब कान तरंगत होते.

साळिंदर जिवाच्या आकांताने ओरडला. पाणमांजराने सूर मारून सशिणीचे पिल्लू वर काढले. किती तरी वेळ ते हललेच नाही. मग नाकातून पाणी आले आणि एकदाचा श्वास सुरू झाला.

"मी इथेच होतो, आजोबा," पाणमांजर म्हणाले. "त्याने हाकसुद्धा मारली नाही."

"बुडणाऱ्याकडे हाकेपुरता श्वास नसतो, बाळा. चूक माझीही आहे. तुम्ही हसलात आणि मी गप्प बसलो."

पाणमांजराने दगड दूर लोटला. फाटक मिटले. तेव्हापासून ते दाराशी मासा खाली ठेवते, फाटक उघडते, मासा पुन्हा उचलते. दिवसातून वीस वेळा.

तात्पर्य : दारातल्या पाण्याचे कुंपण शेजाऱ्याच्या लेकरासाठीही असते, म्हणून ते क्षणभरही उघडे ठेवू नये, आणि धोका दिसला, तर कोणी हसले तरी पुन्हा सांगावे.