घरट्यातला मातीचा गोळा

फार पूर्वी विहिरीवरच्या बाभळीत पिवळ्या नावाचा सुगरण पक्षी घरटं विणत होता. त्याच्या जोडीदारणीचे, भुरीचे, अंडी घालायचे दिवस जवळ आले होते.

"कधी होईल?" तिने विचारलं.

पिवळ्याने मान खाली घातली. "अष्टमीला म्हणालो होतो, पण पौर्णिमा उजाडेल. गाठींची पारख व्हावी म्हणून आत मातीचा गोळा चिकटवलाय. वाऱ्यावर त्याचं वजन झुलतं आणि कच्ची गाठ आपोआप सुटते. ती पुन्हा बांधायचा वेळ मी धरलाच नव्हता."

भुरी उडून गेली. ती गेली ती गेलीच, असं त्याला वाटलं; तरी तो सुटलेल्या गाठी बांधत राहिला.

पौर्णिमेला भुरी आली आणि आत बसली. वाऱ्याने फांदी गदागदा हलली, पण एकही गाठ सुटली नाही.

"इथेच राहू," ती म्हणाली. पिवळ्याच्या जिवात जीव आला.