चाकाचा पेला

फार फार वर्षांपूर्वी, बैलांना बोलता येत होतं तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तरी ऐका, ऐकून कान काही झिजत नाहीत.

डोंगरापलीकडच्या एका गावात सटवाजी नावाचा गाडीवान राहायचा. ना बायको, ना पोर, ना भाऊबंद. होते ते दोन बैल, हरण्या आणि चांद्या. दिवसभर गाडी हाकायची आणि संध्याकाळी गोठ्यातच भाकरीचं फडकं सोडून तिघांनी गप्पा मारत बसायचं, एवढाच त्याचा संसार. हरण्या भारी बडबड्या. चांद्या मोजकंच बोले, पण हरण्या श्वास घ्यायला थांबला की पुढचं वाक्य हमखास चांद्याचं असे.

त्या मुलखात एक रीत होती. नवरीची गाडी सासरच्या शिवेवर पोचली की सासरची माणसं गाडीवानाला मोहाच्या दारूचा पेला देत. गाडीवानाने तो ओठाला लावायचा आणि सगळाच्या सगळा चाकावर ओतायचा. त्याला चाकाचा पेला म्हणत. मान गाडीवानाला मिळे, दारू चाकाला. जुनी माणसं उगीच रीत घालत नसत. गाडीवानाला अजून घर गाठायचं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

सटवाजीने आजवर कितीतरी नवऱ्या पोचवल्या होत्या, पण थेंब घशाखाली उतरवला नव्हता. एका नवरीला पोचवलं त्या दिवशी मात्र वऱ्हाड हसतखिदळत मांडवात गेलं आणि हा एकटा शिवेवर उभा राहिला. त्याच्या मनात आलं, सगळ्यांची कुणी ना कुणी वाट बघतंय, माझी कोण बघतं? त्याला भरून आलं. पेला घेऊन आलेला नवऱ्याचा मामा म्हणाला, "अहो पाव्हणं, चाकाला काय चव कळतीय? घ्या की!"

सटवाजीने घेतला. मग आणखी एक घेतला. मग मामाजवळचं दारूचं मडकंच रिकामं केलं.

ऊन कलल्यावर त्याने कशीबशी गाडी जुंपली. कासरा हातात ठरेना.

हरण्या हळूच म्हणाला, "धनी, तुम्ही मागं आडवे व्हा. वाट आमच्या पायाखालची आहे. सावकाश नेतो घरी."

"वा रे वा! आता बैल मला गाडी हाकायला शिकवणार!" सटवाजी गरजला, आणि जन्मात उचलला नव्हता तो आसूड त्याने हरण्याच्या पाठीवर ओढला.

बैल उधळले. घाटाचा उतार लागला तशी गाडीच बैलांना ढकलू लागली. हरण्या ओरडत होता, "धनी, कासरा ओढा! ओढा हो!" धनी मात्र मोठमोठ्यानं गाणी म्हणत होता. वळणावर चाक दगडावर चढलं आणि गाडी कलंडली. सटवाजी झुडपात फेकला गेला, त्याला नीट खरचटलंसुद्धा नाही. जुवाची खीळ मोडली म्हणून चांद्या सुटला. हरण्या गाडीसकट दरीत गेला.

शुद्धीवर आल्यावर सटवाजी छाती बडवून रडला. पण गेलेला जीव रडण्यानं परत येतो होय?

त्यानंतर त्याने दारूकडे पाहिलं नाही. चांद्याला त्याने पुन्हा जुंपलंही नाही. रोज संध्याकाळी त्याच्यापुढे हिरवा चारा घालून तो बोलत बसे. चांद्या चारा खाई, पण बोलत नसे. पावसाळे आले नि गेले. शेवटी न राहवून सटवाजी त्याच्या गळ्यात पडला. "चांद्या, अरे शिव्या दे, शिंग मार, पण एक शब्द तरी बोल माझ्याशी!"

चांद्याने चाऱ्यातून मान वर केली.

"रागावलो नाही धनी," तो म्हणाला. "पण बोलायला सुरुवात हरण्या करायचा. मला एकट्याला ते जमत नाही."

आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. तो पुन्हा कधीच बोलला नाही.

तात्पर्य : नशेत जो कासरा हाती धरतो, तो चूक आपण करतो आणि भोगायला लावतो आपल्यावर भरवसा टाकणाऱ्यांना.