अण्णासाहेबांची शाल

बायकांची व्यक्तिचित्रं काढून नाव कमावलेल्या रेवती केळुसकरला शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब खलाटे यांनी स्वतःचं तैलचित्र काढायला बोलावलं. सभागृहाच्या भिंतीवर आजवर सगळे पुरुषच होते.

“मी फोटोवरून काढत नाही, समोर बसावं लागेल,” रेवती म्हणाली.

“मला कुठला वेळ? माझी शाल पांघरून ही बसेल,” अण्णासाहेबांनी बायकोकडे, सुमतीबाईंकडे बोट दाखवलं. “संस्थेतली माझी सगळी कामं हीच तर निभावते!”

सुमतीबाई पंधरा दिवस निमूट बसल्या.

समारंभात पडदा सरला, तर चित्रात शाल पांघरलेल्या सुमतीबाई!

“मी कुठाय?” अण्णासाहेब कडाडले.

रेवती हसली. “साहेब, तुमची सगळी कामं बाईच निभावतात ना? मग भिंतीवर मिरवायच्या एवढ्याशा कामाचा त्रास तुम्हाला कशाला द्यायचा?”