शॉकअपने न गिळलेला खड्डा

रस्ते थोडे आणि खड्डे फार होते, त्या काळातली गोष्ट. मधाच्या बरण्या विकणाऱ्या रखमाजीने मोटारसायकलला पुढे नवा शॉकअप बसवला. दूरच्या शहरातून आलेला हा शॉकअप मोठा उत्साही. "आता एकही दणका धन्यापर्यंत जाऊ देणार नाही!" अशी प्रतिज्ञाच त्याने केली, आणि पाळलीही.

दसऱ्याला रखमाजीने गाडी खसखसून धुतली, शॉकअपला झेंडूचा हार घातला आणि चेनला नुसतं हळदकुंकू लावून तो मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी गाडी घाटाकडे निघाली, तशी चेन करकरली. "हळदकुंकवाने पोट भरतं का रे बाबा? होतं नव्हतं ते तेलही पाण्याने गेलं. आज घाटात तुटणार मी."

"मग धन्याला सांगा ना, चेनमावशी!"

"रोज खडखडून सांगते. पूर्वी हिसका बसला की उतरून बघायचा. आता तू त्याला पाळण्यात घातलंयस. शीळ घालत जातो मेला!"

घाटाच्या पायथ्याशी खड्डा आला, तो शॉकअपने मुद्दाम गिळला नाही. धाडकन दणका बसला, एक बरणी फुटली. "नवा शॉकअप फुकट गेला!" म्हणत, शिव्या घालत रखमाजी उतरला, खाली वाकला आणि लोंबणारी चेन बघून त्याने कपाळावर हात मारला. मग पाना काढून चेन ताणली, तिला पोटभर तेल पाजलं.

घाट चढताना चेन हळूच म्हणाली, "माझ्यापायी शिव्या खाल्ल्यास रे."

"खड्ड्यांपेक्षा मऊ होत्या, मावशी," शॉकअप म्हणाला आणि त्याने पुढचा खड्डा अलगद गिळला.