देवस्थळे साहेबांचे दोन सेकंद

खरवली गावाला पाणी देणारी मोटर तीन दिवस बंद होती. बटण दाबलं की ती कमी ताकदीच्या स्टारवर हलकेच फिरू लागायची, पण पूर्ण ताकदीच्या डेल्टावर जाताच करंटचा काटा उसळायचा आणि स्टार्टर ट्रिप व्हायचा. बायका लांबच्या ओढ्यावरून हंडे वाहत होत्या.

तालुक्याहून इंजिनिअर देवस्थळे साहेब आले. मोटरीकडे नुसतं पाहून म्हणाले, "जळालीय. नवी यायला महिना लागेल."

महिना! पंपावरच्या वायरमन जरीनाबाई मुलाणी पुढे आल्या. सकाळीच त्यांनी मोटर तपासली होती. आतलं तारांचं वाइंडिंग ठणठणीत होतं.

"साहेब, मोटर चांगलीय. टायमर दोन सेकंदांवर आहे. वेग येण्याआधीच ती डेल्टावर जाते."

"टायमर मीच लावलाय तीन दिवसांपूर्वी!" साहेब कडाडले. "मला शिकवता?"

"नाही साहेब, फक्त विचारते. गाडी जागची हलते न हलते तोच चौथा गिअर टाकला तर?"

"गचके खाऊन बंद पडेल."

"मग इंजिन बदलायचं, की ड्रायव्हरला जरा धीर धरायला सांगायचं?"

जमलेले गावकरी हसू दाबू लागले. साहेब लालबुंद झाले, आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

"ड्रायव्हरला सांगा, बाई," म्हणत त्यांनी स्वतःच टायमर आठ सेकंदांवर नेला.

जरीनाबाईंनी बटण दाबलं. मोटरीने वेग धरला, डेल्टा घेतला. काटा जरासा उडाला आणि स्थिरावला. टाकीत पाणी कोसळल्याचा आवाज आला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत जरीनाबाईंना हात जोडले.