वाटीसुद्धा तुझीच

ढगांच्या अल्याड, डोंगराच्या पल्याड एका इवल्याशा गावात तानू राहायची. बाबा नव्हते. आई लोकांच्या गोधड्या शिवायची. घरात भाकरी असली तर मीठ नसायचं, आणि चकाकणारं भांडं म्हणावं तर एकच, पितळेची चिमुकली वाटी. पण तानूला त्याचं दुःख नव्हतंच मुळी! तिची जिवाभावाची मैत्रीण केशर तापातून उठली आणि तिचा आवाजच गेला. दिवसभर चिवचिवणारी केशर मुकी झाली, म्हणून तानूचा जीव तुटायचा.

एका सकाळी वाटी घेऊन ती रानात बोरं वेचायला गेली आणि जाईच्या वेलाखाली रडत बसली. तोच फुलांतून एक परी उतरली. गुलाबी पंख, सोनेरी पावलं, केसांत दवाचे मणी!

"रडू नको गं बाळ. काय हवं तुला?"

"मला काही नको. माझ्या केशरला आवाज हवा."

परीनं वाटीत चमचमणारी खीर ओतली. "ही तिला दे. पण देताना परतीची आस धरलीस, तर खिरीचं पाणी होईल हं!"

तानू धावतच केशरच्या घरी गेली. वाटी तिच्या हातात दिली आणि दारातच घुटमळली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही तर गावाची रीतच! केशरची आई आता वाटीत काय घालेल? साखर? की गूळ? एवढं मनात आलं मात्र, खिरीचं पाणी झालं!

तानू वाटी घेऊन रडत परीकडे आली. "माझं पोटच मेलं हावरट!"

"आता ही शेवटची खीर," वाटी पुन्हा भरत परी हळूच म्हणाली.

वाटेत तानूनं मनाला किती बजावलं! पण उपाशी मन ते, साखर काही डोक्यातून जाईना. दारात ती थबकली. मग डोळे घट्ट मिटून म्हणाली, "केशर, खीर तुझी, आणि वाटीसुद्धा तुझीच. परत द्यायची नाही!"

आणि वाटी केशरच्या हातात ठेवून ती चालू लागली. काय हलकं वाटलं तिला!

"तानूऽऽ! अगं थांब की गं!"

केशरचा आवाज! तानू गर्रकन वळली, दोघी एकमेकींना बिलगल्या, गल्लीतली पोरं नाचू लागली. केशरची आई डोळे पुसत म्हणाली, "पोरी, आत ये. आजपासून हे घरही तुझंच."

वर परी लखलखत होती. तिनं टिचकी वाजवली, आणि तिकडे तानूच्या घरातली सारी मडकी धान्यानं काठोकाठ भरली. मग आभाळभर गुलाबी उजेड झाला आणि त्यात परी दिसेनाशी झाली.

केशरचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. ती बोलत सुटली होती, आणि "गप्प बस" असं तिला अजूनही कुणी म्हटलेलं नाही!